दिवसाची वीज आणि गायरानाची जागा: एका गावातलं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव मराठवाड्यातलं, बालाघाटाच्या डोंगराला लागून असलेलं. नाव देत नाही. माणसंही इथे नात्यानं किंवा कामानंच येतील. मी तेव्हा एका संस्थेसाठी त्या तालुक्यातल्या गायरान जमिनींच्या नोंदी गोळा करत होतो. तलाठी सज्जात बसून जुनी दप्तरं चाळायची, हा रोजचा उद्योग. विजेतलं मला फारसं कळत नव्हतं. पण ज्या गट नंबरची नोंद मी शोधत होतो, त्याच गट नंबरवर सौर वीज प्रकल्प करायचं पत्र २०२४ च्या सुरुवातीला ग्रामपंचायतीत येऊन पडलं आणि मी या प्रकरणात ओढला गेलो.

शिवारात सोयाबीन, तूर, थोडा कापूस. तलावाखालच्या पट्ट्यात ऊस. विहिरी आणि बोअर मिळून शेतीची वीज असलेले पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी. त्यांना थ्री फेज लाइट मिळायची ती पाळीनं: दिवसाची पाळी आठ तासांची, रात्रीची दहा तासांची. रात्रीला दोन तास जास्त, म्हणजे कागदावर फायदाच.

जानेवारीतल्या एका रात्री मी हरभऱ्याला पाणी द्यायला एका शेतकऱ्याबरोबर गेलो. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. लाइट साडेबाराला यायची, आली सव्वाला. स्टार्टरच्या पेटीवरचा तांबडा दिवा लागला तसे आबा घोंगडी टाकून उठले, बटण दाबलं, मोटर गुरगुरली आणि बंद पडली. शिवारातल्या निम्म्या मोटरी ऑटोवर टाकलेल्या असतात. लाइट आली की सगळ्या एका दमात सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. चौथ्या खेपेला पाणी आलं. मग एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, आणि अनवाणी पायांनी चिखलात दारं धरायचं, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवत राहायचं. "साप निघाला तर फावडं मारावं का बॅटरी सांभाळावी, ते तवाच कळतं," आबा म्हणाले. हे बोलताना ते हसले नाहीत.

यावर सरकारनं काढलेला तोडगा म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि २०२५ पर्यंत राज्यातल्या किमान ३० टक्के शेती वाहिन्या, म्हणजे शेतपंपांना वीज नेणाऱ्या लाइनी, सौर विजेवर आणायचं उद्दिष्ट ठरलं. विजेच्या ज्या उपकेंद्रातून शेतीची वाहिनी निघते, त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत काही मेगावॉटचा प्रकल्प उभा करायचा, वीज सरळ त्या उपकेंद्रात सोडायची आणि शेतपंपांना दिवसा पुरवायची. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून अनुदान मिळतं. वीज पडते युनिटला तीन रुपयांच्या आसपास. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारच भरतं, त्यामुळे ही स्वस्ताई आबांच्या खिशात येत नाही, सरकारच्या तिजोरीत राहते. आबांच्या वाट्याला येतो तो दिवस.

या भागाला कोळशाच्या विजेचं वेगळं सांगावं लागत नाही. परळीच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांनी कपड्यांवर झटकली आहे, त्यांनीच २०१५ च्या दुष्काळात तेच केंद्र पाण्यावाचून बंद पडलेलंही पाहिलं. कोळसा जाळून वीज करायलाही पाणी लागतं, हे इथल्या माणसाला तेव्हा कळलं. भारतानं २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणाऱ्या, वीज क्षमतेचं लक्ष्य जाहीर केलं आहे. एवढा मोठा आकडा शेवटी कुठल्या तरी गावाच्या गट नंबरवर येऊन टेकतो. इथे तो गायरानावर टेकला.

अडचण

गायरानाच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून सरकारचं नाव असतं. त्यामुळे कार्यालयात बसलेल्याला ती जमीन मोकळी दिसते. उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनींच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या, त्यात आमच्या गावचं गायरान आलं. उपकेंद्र तीन किलोमीटरवर, रस्त्याला लागून, सपाट. सरकारी जमीन प्रकल्पाला नाममात्र भाड्यानं मिळते. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ द्यावी लागते. कंपनी कुठे आधी बघणार, हे सांगायला नको.

चार मेगावॉटचा प्रकल्प होता. मेगावॉटला चार ते पाच एकर धरले तर अठरा-वीस एकर. गायरान एकूण पंचेचाळीस एकरांचं. म्हणजे अर्ध्याहून जास्त शिल्लक राहतंय, यात वाद कसला, असं सरपंचताईंच्या यजमानांचं म्हणणं. (सभेत बोलायचे तेच. ताई सही करायच्या. पुढे हे चित्र थोडं बदललं, ते येईलच.)

पण पंचेचाळीस एकर सगळे सारखे नव्हते. वरचा निम्मा भाग निव्वळ मुरमाड माळ. आषाढात हिरवा, दिवाळीला पिवळा. खालच्या सपाट भागात गाळ साचतो, गवत टिकतं आणि एका खोलगट जागी पावसाचं पाणी संक्रांतीपर्यंत राहतं. गावातली शेळ्या-मेंढ्यांची घरं त्या पाण्यावर अवलंबून. यातली बहुतेक भूमिहीन. ना विहीर, ना मोटर, ना वीज जोडणी. दिवसाच्या विजेचा त्यांना थेट उपयोग शून्य होता आणि जागा मात्र त्यांचीच जाणार होती.

शिवाय खालच्याच बाजूला दलित वस्तीतली पाच घरं गायरान कसत होती. मराठवाड्यात गायरानाचा हा पदर फार जुना आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्यातून ही मागणी गावोगाव पोचली. पुढे राज्यानं १९७८ ते १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णयही घेतला. निर्णय झाला, पण अंमल अर्धवट राहिला. आमच्या पाचपैकी दोन घरांकडे त्या काळातल्या दंडाच्या पावत्या होत्या. तलाठी अतिक्रमणाचा दंड करतो, पावती देतो, आणि पुढे तीच पावती माणसाच्या ताब्याचा पुरावा ठरते. एका आजीनं त्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवलेल्या होत्या. उरलेल्या तीन घरांकडे कागद नव्हता.

कंपनीच्या माणसानं जागा पाहिली ती एका दुपारी, तासाभरात. टॅबवर नकाशा, सोबत तलाठ्याचा कोतवाल. त्यानं खालचा सपाट तुकडा आखला. त्याच्या बाजूनं ते बरोबरच होतं: सपाटीकरण कमी, रस्ता जवळ, लाइन आखूड. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा निर्णय तो तास वाटतो. नंतर झालेल्या सभा त्या आखलेल्या चौकोनावर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्यापुरत्या होत्या.

समोर असलेले पर्याय

पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ज्यांना माहीत असतं त्यांच्यासाठी ती सोयच असते. पुढच्या सभेत पंचवीस माणसांत ठराव मंजूर होऊ शकला असता. जमिनीचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा होता. तरी गावाचा ठराव सोबत असला म्हणजे काम अडत नाही, असा कंपनीचा हिशोब. मधल्या पंधरा दिवसांत पारावर, हॉटेलात आणि दूध डेअरीवर जी चर्चा झाली ती खरी चर्चा.

एक गट म्हणत होता, आहे तसा ठराव करून टाका. नाही म्हटलं तर प्रकल्प शेजारच्या गावाला जाईल आणि आपण रात्री दारं धरत बसू. ही भीती खोटी नव्हती.

काही तरुणांचं म्हणणं, कोर्टात जाऊ. सार्वजनिक जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंग निकाल त्यांनी मोबाइलवर वाचला होता. मी त्यांना इतकंच सांगितलं की तो निकाल दुधारी आहे. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवा, हा त्याचा गाभा. भूमिहीन आणि मागासवर्गीयांना शासनानं दिलेल्या जमिनींसाठी त्यात अपवाद आहे, सार्वजनिक सोयींसाठीही आहे. पण कागद नसलेल्या तीन घरांना तो निकाल आधी बाहेर काढेल, कंपनीला नंतर. तो विषय तिथेच थांबला.

खासगी जमिनीचा विचार मनापासून झाला. गायरानाला लागूनच दोन भावांची पडीक जमीन होती आणि हेक्टरी सव्वा लाख म्हणजे तिच्यातून कधीच न निघालेलं उत्पन्न. पण सातबाऱ्यावर बहिणींची नावं, एक बहीण पुण्याला, वाटणी झालेली नाही. कंपनीनं एका दिवसात नकार दिला. त्यांना सहा महिने थांबायचं नव्हतं.

प्रत्येकानं आपापला सौर पंप घ्यावा, असंही कुणीतरी सुचवलं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात. पण ती योजना पारंपरिक वीज जोडणी नसलेल्यांसाठी. इथले पावणेदोनशे आधीच जोडणीवाले.

राहिला एक पर्याय, जो सुरुवातीला कुणाच्या डोक्यातच नव्हता: प्रकल्प याच गायरानात, पण वरच्या माळावर. तो कुठून आला हे सांगितलंच पाहिजे.

काय केलं

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्येच होते, इथेही तशीच व्हायची. या वेळी अंगणवाडी सेविकेनं आग्रह धरला आणि सरपंचताई, यजमान बाहेरगावी असताना, तयार झाल्या. समाजमंदिरात तीसेक बाया जमल्या. पहिला अर्धा तास घरकुलावरच गेला. मग चौदा शेळ्या राखणाऱ्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "पाट्या उन्हातच ठिवायच्या ना? मग माळावर ठिवा की. माळावर ऊन काय कमी पडतंय?"

सभेत हशा पिकला, पण या वाक्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. कंपनीच्या इंजिनिअरकडेही नव्हतं. तो दोन दिवसांनी आला तेव्हा त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की वरची जागा त्यानं पाहिलीच नव्हती.

मग शिवारफेरी ठरली. तलाठी, ग्रामसेवक, कंपनीचा इंजिनिअर, आबा आणि आणखी दोन-तीन बागायतदार, मावशी आणि त्यांच्यासोबतच्या पाचसहा जणी, कसणाऱ्या पाच घरांतला एकेक माणूस. सकाळी आठला निघालो, दीड वाजला. मावशी पुढे. त्यांनी पाण्याची जागा दाखवली, जनावरांची वाट दाखवली. ही वाट कुठल्याच नकाशात नव्हती. इंजिनिअरनं ती मोबाइलवर टिपून घेतली. आबांनी खालच्या पाण्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले की हे बुजलं तर त्यांच्या विहिरीचंही पाणी उतरेल. तोवर बागायतदार आणि शेळ्यांवाले ही दोन टोकं होती. त्या वाक्यानं आबा अर्धे मावशींच्या बाजूला आले.

वरचा माळ सगळा मिळणार नव्हता. मध्ये घळ होती, एका बाजूला उतार उत्तरेकडे जात होता आणि पॅनेलला दक्षिणेकडे तोंड लागतं. शेवटी बारा एकर वर आणि सहा एकर खाली असा मेळ बसला. पाण्याची जागा आणि दंडाच्या पावत्या असलेल्या दोन घरांचा तुकडा कुंपणाबाहेर राहील. बाकी तीन घरांपैकी एकाचं शेत पूर्ण आणि एकाचं अर्धं प्रकल्पात जात होतं. यावर तोडगा निघाला नाही. निघाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. त्या दोघांना कंपनीनं राखणदाराची नोकरी देऊ केली. एकानं घेतली, दुसऱ्यानं सभेतून उठून जाणं पसंत केलं.

मी मात्र गाव नमुना एक-ईच्या, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीच्या नकला काढल्या आणि पावत्यांसह दोन घरांचे नियमितीकरणाचे अर्ज तहसीलला दाखल केले.

तहकूब ग्रामसभा या वेळी भरली. ठरावात चार गोष्टी लिहिल्या: जागेच्या चतुःसीमा, वीस फुटांची जनावरांची वाट, पाण्याची जागा मोकळी ठेवणं आणि पॅनेलखालचं गवत कापून न्यायचा शेळ्या-मेंढ्यांवाल्या घरांचा हक्क. पाचवी गोष्ट बोलणीत होती. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतो तिला तीन वर्षं दरसाल पाच लाख रुपये मिळतात. त्यातून गुरांचा हौद आणि चारा लागवड करायची, असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. ठरावात लिहिताना ग्रामसेवकांनी 'सदर रक्कम ग्रामविकासासाठी वापरण्यात यावी' असं लिहिलं. रात्रीचे नऊ वाजले होते, सगळ्यांना घरी जायचं होतं. मी तो मसुदा वाचला होता. बोललो नाही.

निष्पत्ती

प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. सकाळी साडेआठच्या सुमाराला लाइट येते, संध्याकाळी साडेचारपर्यंत राहते. ढग आले तर तूट मुख्य जाळ्यातून भरून निघते. रात्रीची पाळी बंद झाली. वीज जवळच तयार होत असल्यानं वाहिनीच्या शेपटाला व्होल्टेज टिकतं, मोटर जळायचं प्रमाण घटलं. गावातला मोटर भरणारा कारागीर आता पंखे जास्त दुरुस्त करतो. आबा रात्री घरी झोपतात. सुरुवातीचे काही दिवस दीड वाजता आपोआप जाग यायची, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

मग न सुचलेल्या गोष्टी पुढे आल्या. पूर्वी पाळी असल्यानं सगळ्या मोटरी एका वेळी चालत नव्हत्या; रात्री जाणं ज्यांना जमायचं नाही, ते उपसा कमी करायचे. आता आठही तास सगळे उपसतात. फेब्रुवारीत दुपारी दोननंतर खालच्या पट्ट्यातल्या विहिरी तळ दाखवू लागल्या. बिल शून्य, लाइट भरवशाची, मग मोटर बंद कोण करणार? दोन वर्षांत तीन नवे बोअर पडले आणि उसाचं क्षेत्र थोडं वाढलं. हवामानासाठी आखलेल्या योजनेचा भूजलावर पडणारा हा भार तिच्या कागदांत कुठे मांडलेला मला दिसला नाही.

दुसरी तक्रार गावठाणातली. प्लांट आपल्या गावात, मग संध्याकाळी आपल्याच घरात लाइट का जाते? घरांची वाहिनी वेगळी आणि सूर्य मावळल्यावर प्लांट नुसता लोखंडाचा सांगाडा, हे लाइनमननं कितीदा समजावलं तरी लोकांना पटत नाही. त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

गवताचा हक्क पहिल्या वर्षी कागदावर राहिला. सुरक्षेची जबाबदारी कोण घेणार, केबलवर विळा पडला तर काय, म्हणून गेट बंद. शेळी आत सोडायचा प्रश्नच नव्हता. शेळी पॅनेलवर चढते, केबल चावते. दुसऱ्या पावसाळ्यात नोकरीला लागलेल्या राखणदारानंच मार्ग काढला: आठवड्यातून दोन दिवस, सकाळी आठ ते अकरा, यादीतल्या बायांनी कापून न्यायचं. पॅनेलच्या सावलीत गवत उन्हाळ्यात जरा जास्त दिवस ओलं राहतं, हे त्या बायांचं निरीक्षण.

पाच लाखांचा पहिला हप्ता आला आणि त्यातून वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत सिमेंट रस्ता झाला. ग्रामविकासच तो. हौद झाला नाही. मावशींनी तोवर नऊ शेळ्या विकल्या होत्या. नवी वाट पाऊण तासाची पडते, गुडघे साथ देत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पत्र आलं त्याच आठवड्यात शिवारफेरी व्हायला हवी होती, आखणीच्या आधी. आमची फेरी झाली तेव्हा कंपनीचा आराखडा तयार होता, त्यामुळे प्रत्येक एकर वर सरकवायला घासाघीस करावी लागली. बारा एकरांऐवजी कदाचित पंधरा वर गेले असते आणि एक शेत वाचलं असतं.

जमिनींच्या याद्या सातबाऱ्यावरून होतात. त्यासोबत एक-ई नोंदवही आणि प्रत्यक्ष वहिवाट पाहिली असती तर त्या पाच घरांचा प्रश्न सभेत अचानक उपटला नसता. हे काम तलाठी एका दिवसात करू शकतो. कुणी सांगितलं नाही म्हणून त्यानं केलं नाही, आणि मीही स्वतःहून विचारलं नाही. माझं लक्ष माझ्या तक्त्यात होतं.

खासगी जमिनीचा नाद आम्ही लवकर सोडला, असं आता वाटतं. वाटणीचा प्रश्न सुटणारा होता. पुण्याच्या बहिणीला कुणी फोनसुद्धा केला नव्हता. ती जमीन घेतली असती तर भाडं गावातल्याच घरात आलं असतं आणि गायरान अबाधित राहिलं असतं. सहा महिने उशीर झाला असता, म्हणजे रब्बीचा आणखी एक हंगाम रात्री दारं धरावं लागलं असतं. आबांना हे विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमाला दिवसा बसून बोलायला सोपं हाय."

पाण्याचं बोलणं दिवसाच्या विजेबरोबरच व्हायला हवं होतं. वाहिनीवरच्या शेतकऱ्यांनी आपसात वार लावून घ्यायचे, निम्मे सकाळी, निम्मे दुपारी, असा प्रस्ताव आता डेअरीवर चालू आहे. ठराव करायचा म्हटलं की ऊसवाले उठून जातात.

आणि ते एक वाक्य. 'ग्रामविकासासाठी' या शब्दाच्या जागी 'गुरांचा हौद व चारा लागवड' असं लिहायला अर्धा मिनिट लागला असता. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी सरपंचताईंनी स्वतः सभेत बोलून हौदाचा विषय घेतला. यजमान मागे बसले होते. अंदाजपत्रक तयार झालं आहे.

दंडाच्या पावत्या असलेल्या दोन घरांची फाइल तहसीलमध्येच आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा लिपिक बदललेले होते. त्यांनी मूळ पावत्या आणा म्हणून सांगितलं. आजी मूळ पावत्या द्यायला तयार नाहीत. झेरॉक्स न्या म्हणतात.